इवली मुंगी, गड्डोबा आणि पाण्याची परात

बसलात का सगळे? पाय पोटाशी घ्या बरं. गोष्ट मुंगीची आहे. चुकून पायाखाली यायची!

तर एक होती मुंगी. तिचं नाव इवली. इवली तिळाएवढी. नाही, तिळाहूनही थोडी लहान.

इवली राहायची एका झाडात. झाडावर नाही हं. झाडाच्या पोटात!

त्या झाडाचं नाव गड्डोबा. खाली मोठ्ठा गोल गड्डा. बटाट्यासारखा. वर पानं किती? मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच!

गड्ड्याला होती भोकं. भोकांतून आत गेलं, की खोल्याच खोल्या. एक खोली निजायची. एक खोली पिल्लांची. आणि एक खोली कचऱ्याची.

मुंग्या कचरा कुठे टाकायच्या? त्या खोलीत. आणि गड्डोबा तो कचरा गट्टम करायचा!

शी? शी काय त्यात! तुम्हाला नाही का लाडू आवडत? तसा गड्डोबाला कचरा आवडायचा. कचरा खाऊन गड्डोबा गुटगुटीत झाला होता.

गड्डोबा मुंग्यांना घर द्यायचा. मुंग्या गड्डोबाला जेवू घालायच्या. कुणी पानं खायला आलं तर? मुंग्या धावायच्या. कडकड चावायच्या. हाकलूनच द्यायच्या. असं दोघांचं छान चाललं होतं.

गड्डोबा राहायचा कुंडीत. कुंडी होती कुमुदकाकूच्या अंगणात, फणसाखाली. काकूला झाडांचं भारी वेड. गड्डोबा तर तिचा लाडका. रोज पाणी घालायची. "माझं बाळ गो ते," म्हणायची. इवलीला काकू फार आवडायची.

एक दिवस काय झालं? अंगणात भाकरीचा तुकडा पडला. एवढा मोठ्ठा! झाडून सगळ्या मुंग्या बाहेर आल्या. लागल्या ओढायला. हय्या हो! हय्या हो!

घरात राहिली फक्त पिल्लं. पांढरी पांढरी, मऊ मऊ. मुंगीच्या पिल्लांना पाय नसतात. ती बिचारी कुठे जाणार?

मुंग्या तुकडा घेऊन परत आल्या. एकामागे एक. एकामागे एक. आणि थांबल्या.

अगबाई!

कुंडी परातीत! परातीत पाणी! इकडे पाणी. तिकडे पाणी. गड्डोबाच्या भोवती पाणीच पाणी!

गुळाचा डबा कसा पाण्यात ठेवतात? मुंग्या लागू नयेत म्हणून? तस्सा ठेवला होता गड्डोबा. कुणी ठेवला? कुणास ठाऊक!

इवली थक्क! मिशा ताठ! सहाच्या सहा पायांखालची जमीन सरकली.

तिने एक पाय पाण्यात घातला. डुबुक! बाप रे, केवढं खोल! पाय मागे घेतला.

आतून आवाज आला. चिं चिं. चिं चिं. पिल्लांना भूक लागली होती.

आणि वरून काय आलं? धाग्याला लोंबकळत, झुलत झुलत, एक जाडजूड हिरवी अळी! फणसावरून आली. थेट गड्डोबाच्या पानावर उतरली. टप!

अळीने तोंड उघडलं. कुरुम कुरुम! कुरुम कुरुम!

"अगं, ती आपली पानं खातेय!" एक मुंगी ओरडली.

"आता गं काय करायचं?" दुसरी रडायला लागली.

रांग काही हलेना. सगळ्या नुसत्या बघत उभ्या.

"मी बघते!" इवली म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वर फणसाला एक पिकलं पान होतं. बरोबर परातीच्या डोक्यावर. इवली खोडावर चढली. पानाजवळ गेली.

"पाना पाना, खाली पड! पूल हो!
वाट मिळेना,
घरात पिल्लं एकटीच एकटी!"

पान म्हणालं, "मी नाही पडत. माझा देठ घट्ट. खारूताईने देठ कुरतडला, तरच मी पडेन!"

इवली थक्क! मिशा ताठ! पिकलं पान, आणि पडत नाही?

तिकडे अळी, कुरुम कुरुम! एक पान फस्त. राहिली किती? चार!

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. फणसाच्या ढोलीत खारूताई बसली होती. नुसतं नाक बाहेर.

"खारूताई खारूताई, देठ कुरतड!
पान पडेना,
वाट मिळेना,
घरात पिल्लं एकटीच एकटी!"

खारूताई म्हणाली, "मी नाही येत. खाली बोका बसलाय. बोका उठला, तरच मी बाहेर येईन!"

आणि नाकसुद्धा आत ओढून घेतलं. सुळ्ळकन!

इवली थक्क! मिशा ताठ! एवढी झुपकेदार शेपटी, आणि एवढी भित्री?

तिकडे अळी, कुरुम कुरुम! अजून एक पान फस्त. राहिली किती? तीन!

इवली खाली उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. फणसाच्या मुळाशी बोका पसरला होता. पोट वर. पाय चार दिशांना चार. खुर्र खुर्र! खुर्र खुर्र!

"बोकोबा बोकोबा, उठा ना जरा!
खारूताई येईना,
पान पडेना,
वाट मिळेना,
घरात पिल्लं एकटीच एकटी!"

बोक्याने एक डोळा उघडला. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग नाकासमोर पाहिलं.

"तूच बोललीस होय? मी नाही उठत. मला दूध हवं. शेळीने दूध दिलं, तरच मी उठेन!"

आणि डोळा मिटला. खुर्र खुर्र!

इवली थक्क! मिशा ताठ! आळशी तो आळशी, वर दूधही मागतोय!

तिकडे अळी, कुरुम कुरुम! अजून एक पान फस्त. राहिली किती? दोन!

इवली पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अंगण उतरणीचं. वर घराची पायरी. उतरणीच्या खाली शेळीचा खुंटा. शेळी दोरी ताणून उभी होती. समोर रिकामी करवंटी.

"शेळीबाई शेळीबाई, दूध दे!
बोका उठेना,
खारूताई येईना,
पान पडेना,
वाट मिळेना,
घरात पिल्लं एकटीच एकटी!"

"म्यँ!" शेळी म्हणाली. "मी नाही देत. पोटात माझ्या कावळे ओरडतायत. काकूने पाला घातला, तरच मी दूध देईन!"

पोटात कावळे? हो, हो, भूक लागली की असंच म्हणतात. खरे कावळे नव्हते. पण इवली काय एवढं जाणे! ती शेळीच्या पोटाकडे बघतच राहिली.

इवली थक्क! मिशा ताठ!

तिकडे अळी, कुरुम कुरुम! अजून एक पान फस्त. राहिलं किती? एक. फक्त एक!

आता मात्र इवली हसली. का माहितीय? आता काकूकडे जायचं होतं ना! आपली कुमुदकाकू. गड्डोबाची लाडकी काकू. काकू नाही म्हणणारच नाही!

इवली निघाली. उड्या मारत निघाली. तुरुतुरु टुण! तुरुतुरु टुण!

काकू पायरीवर बसली होती. एका बाजूला पाल्याचा भारा. हिरवागार! दोन्ही हात पातेल्यात. काकू काहीतरी मळत होती. पचक पचक! पचक पचक!

"काकू काकू, पाला घाल!
शेळी दूध देईना,
बोका उठेना,
खारूताई येईना,
पान पडेना,
वाट मिळेना,
घरात पिल्लं एकटीच एकटी!"

काकूने मान वरच केली नाही. डोळ्यांना चष्मा नव्हता. कोण बोलतंय, तेही पाहिलं नाही.

"आता नाही गो," काकू म्हणाली. "आधी ही माती मळते. माझ्या झाडाला मुंग्या लागल्यायत. पोखरून टाकलाय मेल्यांनी गड्डा! भोकंच भोकं. म्हणून तर सकाळी कुंडी परातीत ठेवली. आता ही ओली माती घेते, आणि एकेक भोक बुजवून टाकते. पक्कं बुजवते. भोकं बुजली, तरच मी पाला घालीन!"

अगबाई! अगबाई! अगबाई!

परात काकूने ठेवली? आपल्या काकूने?

आणि भोकं? ती भोकं नव्हेतच. ती तर दारं! दारं बुजली तर? आत पिल्लं आहेत. पाय नसलेली पिल्लं. ती बाहेर कशी येणार? इवली आत कशी जाणार?

इवलीच्या मिशा ताठ झाल्या. ताठच राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. मुंगीच्या डोळ्यात मावतं तेवढंच, पण आलं.

"काकू!" ती ओरडली. "ती दारं आहेत! आत पिल्लं आहेत!"

पचक पचक! पचक पचक! काकूला ऐकूच गेलं नाही.

"आम्ही झाड नाही खात! आम्ही झाड राखतो!"

पचक पचक! पचक पचक!

काकूने मातीचा गोळा उचलला. झाला की मळून!

आता कुणाकडे जायचं? पान म्हणतं खारूताईकडे जा. खारूताई म्हणते बोक्याकडे जा. बोका म्हणतो शेळीकडे जा. शेळी म्हणते काकूकडे जा. आणि काकू? काकू तर ऐकेचना! पुढे कुणी उरलंच नाही.

उरली फक्त इवली.

इवलीने डोळे पुसले. काकूच्या पायाच्या अंगठ्यावर चढली. आणि आपल्या इवल्याशा तोंडाने,

कड्ड!

"आई गो!" काकू उडालीच!

काकू उडाली, गोळा उडाला. धप्प! गोळा पडला पायरीखाली.

काकूचा पाय लागला भाऱ्याला. भारा निघाला घरंगळत. गडगड, गडगड! थेट शेळीपुढे.

शेळीने पाला खाल्ला. चर्र चर्र! शेळीने दूध दिलं. सर्र सर्र! करवंटी भरली.

बोक्याला वास आला. बोका उठला. टुणकन! बोका धावला दुधाकडे. लप लप!

बोका गेला, खारूताई आली. झरझर, झरझर! खारूताईने देठ कुरतडला. कुट कुट!

देठ तुटला. पान पडलं. भिर भिर भिर... टप्! एक टोक परातीच्या काठावर. एक टोक कुंडीच्या काठावर.

पूल झाला!

पण थांबा. टाळ्या नका वाजवू अजून. काकू कुठाय?

काकूने अंगठा चोळला. "चावरी मेली! बघतेच आता तुम्हाला!" तिने चष्मा लावला. मातीचा गोळा परत उचलला. आणि निघाली गड्डोबाकडे. थप थप! थप थप!

इवलीने पाहिलं. इवली पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

काकूची पावलं मोठी. थप थप!

इवलीची पावलं छोटी. पण सहा! तुरुतुरु, तुरुतुरु!

"पुलावर चला गं! चला!" इवली ओरडली.

रांग हलली. सगळ्या मुंग्या पुलावर! पान हललं. डुगुडुगु, डुगुडुगु. कुणी पडलं नाही. सगळ्या पार! भाकरीचा तुकडासुद्धा पार!

मोठ्या मुंग्या धावल्या वर. अळी शेवटचं पान खात होती. कुरुम कु—

कड्ड! कड्ड! कड्ड!

"अय्या आई!" अळी ओरडली. तिने पान सोडलं, धागा धरला आणि सरसर वर गेली. फणसावर. परत काही आली नाही. शेवटचं पान राहिलं अर्धं.

आणि इवली? इवली धावली दाराकडे. तितक्यात काकूचा हात आला. हातात ओली माती. हात खाली आला. अजून खाली आला.

इवली दारात उभी राहिली. सहाही पाय रोवून. मिशा ताठ. आता घाबरून नव्हे बरं का. आता रागाने!

"काकू, थांब! हे भोक नाही. हे दार आहे!"

काकूचा हात थांबला.

काकू वाकली. चष्मा नाकावर सरकवला. अगदी जवळून पाहिलं. आत काय दिसलं तिला?

पांढरी पांढरी, मऊ मऊ पिल्लं. एकाशेजारी एक. चिं चिं. चिं चिं.

"अगो बाई!" काकू म्हणाली.

मग वर पाहिलं. पाचाचं झालं होतं अर्धं. आणि त्या अर्ध्या पानावर उभ्या होत्या मुंग्या. एकीनेही पान खाल्लं नव्हतं. वर फणसावरून डोकावत होती ती अळी, तोंड हिरवं हिरवं करून.

"अगो बाई!" काकू पुन्हा म्हणाली.

आणि मटकन खालीच बसली. माती हातातच राहिली. आता थक्क कोण? काकू! तिला मिशा नव्हत्या. नाहीतर त्याही ताठ झाल्या असत्या.

"मी समजले, तुम्ही झाड खाता," काकू म्हणाली. "आणि तुम्ही तर माझं झाड राखत होतात. घर आहे होय गो हे तुमचं? आणि मी दारंच बुजवायला निघाले होते! लेकरं आत, आणि मी माती घेऊन... चुकलं गो बायांनो. फार चुकलं माझं."

काकूने माती टाकून दिली. लांब. कुंपणाजवळ.

मग परात उचलली आणि पाणी ओतलं. भडभड, भडभड! कुंडी ठेवली जमिनीवर.

इवली एवढं बघायला थांबली नाही. तिला कुठला वेळ! ती केव्हाच आत गेली होती. या पिल्लाला एक कण. त्या पिल्लाला एक कण. चिं चिं थांबलं. खाऊन खाऊन पिल्लं गोल झाली.

उरलासुरला चुरा गेला कचऱ्याच्या खोलीत. गड्डोबाने तो गट्टम केला. ढेकर दिली. ढुर्रर्र!

इवलीने पिल्लं मोजली. सगळी होती. पुन्हा मोजली. सगळीच्या सगळी होती.

आणि आता काय होतं, माहितीय?

रोज सकाळी काकू येते. हातात पाण्याचा तांब्या. पण पाणी लगेच नाही घालत. आधी खाली वाकते. गड्डोबाच्या पोटावर बोटाने हळूच वाजवते. अगदी हळू.

टक टक.

"आहात का गो घरात?"

कान लावा. ऐका. आतून काय येतंय?

तुरुतुरु, तुरुतुरु.

मुंगी गेली घरात,
गोष्ट गेली कानात!